एकुलती एक जनता

सुभेदार कुंडलिक शिंगाडे फौजेतून निवृत्त होऊन आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक लोखंडी कपाट, दोन ट्रंका, एक शिट्टी आणि माणसांविषयीची पुष्कळ मतं होती. कपाट जिन्यात अडकलं. मतं मात्र पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर पोचली.

कपाट अडकलं तेव्हा मी खालून जोर लावत होतो. मी पंचाक्षरी, निवृत्त गणित शिक्षक, दुसऱ्या मजल्यावर राहतो. कपाटाच्या वरच्या टोकाला सुभेदार होते. तिथूनच ते म्हणाले, "मास्तर, माणूस दोनच गोष्टींना हलतो. भीती आन् मान."

"आणि कपाट?" मी विचारलं.

"कपाट तिरकं केलं की हलतंय," असं त्यांच्या पत्नी सारजाबाई वरून म्हणाल्या. आणि ते खरोखरच तिरकं केल्यावर हललं.

भवानी पेठेतली आमची सिद्धकृपा बिल्डिंग म्हणजे तळमजला धरून चार मजले आणि बारा घरं. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, सकाळी दीडएक तास. तेवढ्या वेळात कुणीतरी खाली जाऊन मुख्य नळाची चावी फिरवायची, हौद भरून घ्यायचा, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची. हे काम सहा वर्षं टेम्पोवाले हुसेनसाब करत होते. सहा वर्षांत त्यांना कुणी शाबास म्हटलं नाही. टाकी भरून वाहिली की मात्र बाराही घरांतून त्यांचा उद्धार व्हायचा. शेवटी एका रविवारी त्यांनी मीटिंग बोलावली आणि मोटरच्या खोलीची किल्ली माझ्या पुढ्यात टाकली.

"बस्स झालं. आता दुसरं कोणीतरी शिव्या खा."

बाराही घरांनी किल्लीकडे असं पाहिलं, जणू ती विंचू होती. मग सुभेदार उठले. त्यांनी शर्ट खाली ओढून सारखा केला आणि म्हणाले, "मी घेतो. तीन म्हैने. पन एक अट हाय. सगळे अधिकार माज्याकडं. मीटिंग न्हाय, चर्चा न्हाय. लढाईत चर्चा चालत न्हाय."

"लढाई कुणाशी आहे?" मी विचारलं.

"ते नंतर ठरवू."

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोकशाही इतक्या आनंदानं सोडून देणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि त्यांत मीही होतो. टाळी वाजवली नाही ती एकट्या कमरबींनी. त्या तळमजल्यावर एकट्या राहतात, मशीनवर परकर आणि गाऊन शिवतात. त्यांच्या हातात त्या वेळी सुई होती, म्हणून टाळी वाजवता आली नाही असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शिट्टी वाजली. सगळ्यांनी गच्चीवर जमायचं होतं. सुभेदार टाकीच्या कठड्यावर उभे राहिले आणि त्यांनी आम्हाला नेतृत्व म्हणजे काय ते सांगितलं. नेत्यानं उंच जागेवर उभं राहावं. नेत्यानं कमी बोलावं. हे ते पाऊण तास बोलले. शेवटी म्हणाले, "पयली गोष्ट भीती. जो नियम मोडंल त्यानं बिल्डिंगीला धा फेऱ्या मारायच्या."

पहिला नियम मोडला हुसेनसाबनीच. सवयीनं त्यांनी टेम्पो फाटकात आडवा लावला. सुभेदारांनी शिट्टी फुंकली. "धा फेऱ्या!"

हुसेनसाबनी मान डोलावली, टेम्पोत बसले, चालू केला आणि बिल्डिंगच्या चारही बाजूंच्या गल्ल्यांमधून हॉर्न वाजवत दहा फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला फाटकाशी आले की हात बाहेर काढून मोठ्यानं आकडा सांगायचे. पाचव्या फेरीला गल्लीतली पोरं टेम्पोत बसली. आठव्या फेरीला शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं बघायला आली. दहाव्या फेरीनंतर हुसेनसाब खाली उतरले आणि म्हणाले, "हुकुमात पायी म्हटलं नव्हतं, साहेब."

त्या दिवसापासून लोक मुद्दाम नियम मोडायला लागले. भीतीचा कार्यक्रम चार दिवसांत आटोपला.

संध्याकाळी सुभेदार माझ्याकडे आले. खचलेले नव्हते. उलट त्यांचे डोळे चमकत होते. "मास्तर, भीतीवर कच्ची पोरं राज्य करतात. पक्का गडी मानावर करतो. माणसाचं पोट भरतंय, पन मानाची भूक मरत न्हाय. तुमी बगा आता."

"म्हणजे नक्की काय करणार?"

"तुमाला जिनाप्रमुख करनार."

मी हसलो. मग विचारलं, "सगळा जिना की फक्त आमच्या मजल्यापर्यंतचा?"

"सगळा."

आता खरं सांगतो, त्यात लाज कसली. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण मुख्याध्यापक मला कुणी केलं नाही. त्या रात्री जेवताना मी बायकोला म्हटलं, "जिन्याची जबाबदारी मोठी असते. सगळी वाहतूक तिथूनच होते." ती म्हणाली, "भाजी घ्या."

पदं सुटली आणि बिल्डिंगचा चेहराच बदलला. हुसेनसाब फाटकप्रमुख झाले. ज्या माणसानं सहा वर्षं टेम्पो आडवा लावला, तो आता दुसऱ्याची सायकल एक वीत वाकडी दिसली तरी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. पहिल्या मजल्यावरच्या फुलाबाई वाळवणप्रमुख झाल्या. कुणाच्या पापडावर कुणाच्या चादरीचं पाणी ठिबकतं याचा निवाडा त्या देऊ लागल्या, आणि तो दर वेळी त्यांच्याच पापडांच्या बाजूनं लागायचा. तरीही कुरबूर नव्हती. हौद वेळेवर भरत होता, कारण चावी फिरवायला सुभेदार स्वतः उभे राहायचे. जिना आरशासारखा होता. तो मीच पुसत होतो, पण प्रमुख म्हणून पुसत होतो, त्यामुळे कंबर दुखत नव्हती.

या सगळ्याला वेगळं वळण दिलं ते दिग्विजयनं. हा फुलाबाईंचा मुलगा, वय सत्तावीस, पाच वर्षांपासून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. आयुष्यात त्याला एकाच गोष्टीची तहान होती, ती म्हणजे आपल्या हाताखाली कुणीतरी असावं. सुभेदारांनी त्याला उपप्रमुख केलं. त्यानं एका रात्रीत अख्ख्या बिल्डिंगचा तक्ता काढला. वर एक चौकोन, त्यातून फाटे, फाट्यांतून पुन्हा फाटे. प्रत्येकासाठी लॅमिनेट केलेला बिल्ला, मागे सेफ्टी पिन.

"साहेब, महत्त्वाकांक्षा दाबली की उलटते. तिला वाट करून द्यावी लागते," तो म्हणाला.

"शाबास!" सुभेदार म्हणाले. "हे मीच सांगनार होतो."

मग पदं धो धो वाहू लागली. नवऱ्याला पद मिळालं की बायको विचारायची, मला का नाही. थोरल्याला मिळालं की धाकटा रुसायचा. उजेडप्रमुख झाले, गटारप्रमुख झाले, चप्पलप्रमुख झाले. दुसरीतल्या संस्कृतीनं भोकाड पसरलं तेव्हा तिला झोपाळाप्रमुख करण्यात आलं. बिल्डिंगमध्ये झोपाळा नव्हता, पण ती रोज तो नसल्याची नोंद द्यायची. सारजाबाईंना सुभेदारांनी गृहमंत्री केलं.

"ते मी हायेच की अठ्ठावीस वर्सं," त्या म्हणाल्या. "बिल्ला कुटं लावायचा तेवडं सांगा, पदराला टोचतोय."

दोन महिने झाले तेव्हा बिल्डिंगमध्ये एकतीस माणसं होती आणि तीस पदाधिकारी. उरल्या होत्या त्या फक्त कमरबी.

दिग्विजय बिल्ला घेऊन त्यांच्या दारात गेला. मी जिनाप्रमुख म्हणून बरोबर होतो, कारण त्यांच्या दारासमोर जिन्याची पहिली पायरी येते.

"मावशी, तुम्हाला स्वच्छता सल्लागार केलंय."

कमरबींनी मशीन थांबवलं नाही. "नक्को बेटा."

"मग दुसरं घ्या. सांस्कृतिक प्रमुख?"

"नक्को रे बाबा. सगळे साहेब झाले. एखादी तरी जनता पाहिजे की नको? मी राहते जनता."

दिग्विजयनं तक्त्यात अगदी तळाशी एक चौकोन काढला, त्यात 'जनता' असं लिहिलं आणि कंसात एक असा आकडा टाकला. तीस बाण वरून येऊन त्या एका चौकोनावर थांबत होते. गणिताचा माणूस म्हणून मला तो तक्ता बघताच काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण माझा बाण सरळ आणि ठळक आला होता, म्हणून मी बोललो नाही.

आता रोज सकाळी गच्चीवर प्रत्येकानं आदल्या दिवसाचं काम सांगायचं होतं. जनतेच्या किती तक्रारी सोडवल्या, हा मुख्य प्रश्न. आणि जनता तर एकच. आठवलं की अजून हसू येतं, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. सकाळी सातला उजेडप्रमुख कमरबींच्या दारात. "मावशी, बल्ब नीट आहे ना?" सव्वासातला गटारप्रमुख. "मोरी तुंबली असेल तर सांगा की, लाजू नका." साडेसातला मी. "पायरी टोचत नाही ना पायाला?" आणि आमच्या मागे संस्कृती, तुम्हाला झोपाळा हवाय का म्हणून विचारायला.

पहिल्या आठवड्यात कमरबी वैतागल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खुर्ची दाराबाहेर काढून ठेवली. तिसऱ्या आठवड्यात त्या तक्रारी वाटायला लागल्या.

"आज तक्रार नाही," त्या उजेडप्रमुखाला म्हणायच्या. "कालच तुला दिली होती. आज फुलाबाईचा नंबर."

"मावशी, एखादी छोटी तरी द्या. दोन दिवस रिकामा गेलो, दिग्विजय शेरा मारतो."

"बरं. मशीनला तेल घाल. ती तक्रारच समज."

बघता बघता कमरबींचं दळण गिरणीतून परस्पर यायला लागलं. शिवलेले कपडे दुकानात पोचवायला फाटकप्रमुख टेम्पो काढू लागले. मी स्वतः त्यांच्या नातीच्या, सबाच्या, गणिताच्या वह्या तपासून दिल्या. ती कुमठ्याला राहते, म्हणजे आमच्या बिल्डिंगची जनतासुद्धा नव्हे. तरी मी गच्चीवर सांगितलं, एक तक्रार सोडवली. सगळ्यांनी माझ्याकडे हेव्यानं पाहिलं.

सुभेदार मूर्ख नव्हते. एका दुपारी ते माझ्याकडे आले.

"मास्तर, काल मी खाली शिट्टी मारली. कुनी आलं न्हाय. का, तर कमरबी आपा दारात बसून कायतरी सांगत होत्या. तीस जनांचा प्रमुख मी. आन् तीस जनं वाट बगतात त्यांची."

"जाऊन बोला की त्यांच्याशी."

"एकटा कसा जाऊ? तुमी जिनाप्रमुख. चला."

आम्ही खाली गेलो. कमरबींनी सुभेदारांना स्टूल दिलं आणि स्वतः खुर्चीवरच बसल्या. त्यामुळे सुभेदार वीतभर खाली आले. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी उभं राहायचा विचार केला आणि सोडून दिला.

"आपा, एक पद तुमी घेतलंच पायजे. पायजे तर माज्या खालोखाल देतो."

"का?"

"जनता एकटीच असली की तिचं लई वजन वाढतं. हे राज्याला बरं न्हाय."

कमरबी दाताखाली दोरा तोडत म्हणाल्या, "सुबेदारसाब, तुम्ही म्हणता माणूस मानासाठी हलतो. खरंय. पण मान देणारा कोण? सगळे घेणारेच झाले तर? मी बसून नुसतं 'बरं केलंस बेटा' म्हणते. तेवढ्यावर चालते तुमची फौज."

सुभेदारांनी स्टूल पुढं ओढलं. मग एकदम, आम्ही विचारलं नसताना, बोलायला लागले. "अठ्ठावीस वर्सात मी एकदाच पोस्टचा प्रमुख होतो, आपा. आमचे साहेब सुट्टीवर गेले आन् बर्फानं रस्ता बंद झाला. अकरा दिवस. अकरा जवान, एक खेचर. सगळे माजं ऐकत होते. खेचर सुदीक. बाराव्या दिवशी रस्ता उगडला, साहेब आले, आन् मी परत 'जी साब'. त्या अकरा दिवसांचं रोज एकदा मनात येतं."

"खेचर का ऐकत होतं?" कमरबींनी विचारलं.

सुभेदारांनी विचार केला. "मी त्याला गूळ देत होतो."

"बघा," कमरबी म्हणाल्या.

मला वाटलं, आता सुभेदार वरमतील. पण सत्तेचं असं आहे की ती माणसाला हळवं करते, शहाणं करत नाही. चौथ्या दिवशी तीन महिने संपले. सुभेदार कठड्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "परिस्थिती नाजूक हाय. मी आनखी तीन म्हैने ऱ्हानार."

परिस्थिती काय नाजूक आहे हे कुणी विचारलं नाही, कारण ते राहिले तर आमचीही पदं राहणार होती. कमरबी गच्चीवर कधी येत नसत. पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी पिशवी भरली, दाराला कुलूप लावलं आणि त्या अक्कलकोटला बहिणीकडे निघाल्या.

"कधी याल?" हुसेनसाबनी काळजीनं विचारलं.

"बघते. आठ दिवस, पंधरा दिवस. इथं मला काय काम आहे?"

त्या रिक्षात बसून गेल्या आणि सिद्धकृपा बिल्डिंगची सगळी जनता संपली.

पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी फुलाबाईंनी माझ्या बायकोला गच्चीवर धोतर आडवं वाळत घातल्याबद्दल नोटीस दिली. मी फुलाबाईंना जिन्यात डबा ठेवल्याबद्दल उलट नोटीस दिली. हुसेनसाबनी फाटक बंद करून प्रत्येकाला "कुठं चाललात?" असं विचारायला सुरुवात केली, तेव्हा उजेडप्रमुखानं फाटकाचा दिवा काढून नेला. चप्पलप्रमुखानं सगळ्यांच्या चपला जोडीनं लावल्या आणि त्या घालायला परवानगी लागेल असं सांगितलं. त्या दिवशी मी दूध आणायला अनवाणी गेलो. संस्कृतीनं झोपाळा नाही म्हणून सुभेदारांचा राजीनामा मागितला.

गच्चीवर जागोजागी कुजबूज सुरू झाली. दिग्विजय मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "सर, सुभेदार साहेबांची पकड सुटलीय. उद्या परेडच्या वेळी मी सूत्रं हातात घेतोय. तुमच्याकडे जिना आणि गच्ची दोन्ही देतो."

मी म्हटलं, "हे चूक आहे, दिग्विजय." मग म्हटलं, "गच्ची पूर्ण की वाळवणाची बाजू सोडून?"

तिसरा दिवस पाण्याचा होता. सकाळी साडेसहाला आम्ही सगळे खाली हौदापाशी जमलो. आदल्या रात्री नोटिसांचे निवाडे करत जागलेले सुभेदार अजून आले नव्हते. दिग्विजयनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याच्या हातात दोन पानी जाहीरनामा होता. नळात हवा खाकरली, म्हणजे पाणी आलं होतं. आम्ही सगळे चावीभोवती उभे होतो. कुणीही हात लावत नव्हतं.

"चावी कुणी फिरवायची?" हुसेनसाबनी विचारलं.

दिग्विजयनं तक्ता उघडला. चावीसाठी एक निरीक्षक होता, एक पर्यवेक्षक होता, एक नोंद अधिकारी होता. त्यांच्या खाली 'प्रत्यक्ष फिरवणारा' असा चौकोन होता. तो रिकामा होता.

"आजवर साहेबच फिरवत होते," कुणीतरी म्हणालं.

"ते प्रमुख होते म्हणून. तांत्रिकदृष्ट्या ते चुकीचं होतं," दिग्विजय म्हणाला. "हे माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही. सर, तुम्ही?"

"माझं जिन्यापर्यंत," मी म्हणालो.

एक तास आम्ही चर्चा केली. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच एक तास. चावी आपल्या कुणाच्याही पदाला शोभत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पाणी आमच्या पायाखालच्या पाइपमधून पुढच्या बिल्डिंगला गेलं. तिथं बादल्यांचे आवाज येत होते. मग दिग्विजयनं घसा खाकरला आणि जाहीरनामा वाचायला सुरुवात केली. "आजपासून मी, दिग्विजय..."

तेवढ्यात जिन्यावरून धाड धाड पावलं वाजली.

सुभेदार आंघोळीला बसले होते. अंगाला, डोक्याला, मिशीला साबण लावून झाला आणि टाकी संपली. पाच मिनिटं त्यांनी हाका मारल्या. मग टॉवेल गुंडाळून, डोक्यापासून पायापर्यंत फेसानं पांढरे झालेले, एक डोळा मिटलेले, ते खाली आले. सवयीनं आम्ही सगळ्यांनी सॅल्यूट केला. दिग्विजयनंही केला. जाहीरनामा त्याच्या कपाळाला लागला.

"चावी!" सुभेदार ओरडले. "चावी फिरीव की रे!"

"साहेब, त्याआधी एक घोषणा..."

"घोषनेनं साबन निगतोय का?"

ते गुडघ्यावर बसले आणि स्वतः चावी फिरवायला लागले. हात साबणाचे, चावी निसटायची. एका हातानं टॉवेल धरायचा, दुसऱ्यानं चावी. तीनदा प्रयत्न झाला. वरून सारजाबाई बघत होत्या. त्या खाली आल्या, पदरानं चावी पुसली, दोन्ही हातांनी धरली आणि गर्रकन फिरवली. नळ घरघरला. पाणी जाता जाता शेवटची दहा मिनिटं मिळाली.

हौदात वीतभर पाणी साठलं. मोटर लावण्याइतकंही नाही. सारजाबाईंनी बादली बुडवली आणि सुभेदारांना म्हणाल्या, "खाली बसा."

"हितं? सगळ्यांसमोर?"

"बसा म्हनते."

बिल्डिंगच्या सर्व पदाधिकाऱ्यांसमोर आमचे प्रमुख अंगणात उकिडवे बसले, आणि गृहमंत्र्यांनी त्यांच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतलं. साबण डोळ्यांतून गेला तसे ते हसायला लागले. आधी हळू, मग गदागदा. हुसेनसाब हसले. मग आवरेना कुणालाच. दिग्विजय तेवढा हसला नाही. त्याच्या जाहीरनाम्यावर पाणी उडालं होतं आणि शाई फुटली होती.

त्या दिवशी उरलेलं पाणी बादली बादली करून सुभेदारांनीच वाटलं, ओल्या टॉवेलवर. तिसऱ्या मजल्यावर जाताना जिन्यात सगळीकडे फेस सांडला. मी तो पुसला. प्रमुख म्हणून नाही, घसरलो म्हणून.

संध्याकाळी हुसेनसाब टेम्पो घेऊन अक्कलकोटला गेले आणि कमरबींना आणलं. त्या उतरल्या तेव्हा फाटकात सगळी बिल्डिंग उभी होती. फुलाबाईंनी त्यांची पिशवी घेतली. मीटिंग तिथंच झाली, उभ्या उभ्या. सुभेदारांनी मोटरच्या खोलीची किल्ली काढली आणि म्हणाले, "माजी चूक झाली. भीती आन् मान, दोन्ही करून बगितलं. माणूस कशाला हलतो ते मला न्हाय कळलं."

"गूळ नव्हता दिला," कमरबी म्हणाल्या आणि किल्ली घेतलीच नाही. "मला नक्को. बारा घरं आहेत, पाणी पाचव्या दिवशी येतं. प्रत्येकाला दोन महिन्यांनी एकदा चावी येईल. त्यात काय राज्य करायचं?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. बारा पाचे साठ. बरोबर दोन महिने. बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे तीन महिन्यांत सुचलं नव्हतं.

बिल्ले गोळा केले. दिग्विजयनं आपला दिला नाही. "अभ्यासात प्रेरणा मिळते," असं तो म्हणाला, आणि कुणी जबरदस्ती केली नाही. पहिली पाळी त्याचीच आली. त्यानं चावी फिरवली तेव्हा फुलाबाईंनी गॅलरीतून फोटो काढला. सुभेदारांची पाळी आठव्या खेपेला होती, पण ते प्रत्येक पाण्याच्या दिवशी खाली येऊन बसायचे आणि ज्याची पाळी असेल त्याला म्हणायचे, "बरं केलंस."

साबणाच्या आंघोळीची गोष्ट पेठेत पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सुभेदारांकडे वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो. ते पाटावर बसून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खात होते. तेवढ्यात फोन वाजला. सारजाबाईंनी तो उचलला. पलीकडून मागच्या गल्लीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. त्यांच्याकडे फार बेशिस्त आहे, पार्किंगवरून रोज भांडणं होतात, साहेबांसारखा कडक माणूस हवाय, सगळे अधिकार देऊ, असं ते म्हणत होते.

सुभेदारांचा हात भाकरीवर थांबला. पाठ आपोआप ताठ झाली. ते सारजाबाईंकडे बघत राहिले.

सारजाबाईंनीही त्यांच्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "साहेब गावाला गेल्यात. जेऊरला."

"कधी येतील?"

"रस्ता बंद हाय," सारजाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांना आणखी एक भाकरी वाढली.